ऑनलाइन विकायचं ठरलंय, पण काय? बाळंतविड्याच्या हिशेबातून बाजाराचा कोनाडा निवडणे

धंद्यात बाजाराच्या एका नेमक्या, अरुंद भागाला ‘निश’ म्हणतात. इंग्रजीतल्या या शब्दाचा मूळ अर्थ भिंतीतला कोनाडा. जुन्या घरात कोनाड्यात दिवा बसायचा, कपाट नाही. ऑनलाइन विक्री सुरू करणारे बहुतेक जण नेमकं कपाट घेऊन येतात: ‘लहान मुलांचे कपडे’, ‘घरगुती मसाले’, ‘हस्तकला’. एवढ्या रुंद नावाखाली तुमच्या समोर मोठ्या कंपन्या असतात, आणि त्यांच्याशी भावात झगडून नवा माणूस टिकत नाही.

मग अरुंद कसं व्हायचं? ‘आवड असेल ते निवडा’ या सल्ल्याचा फारसा उपयोग नाही. आवड माल बनवायला पुरते; पार्सल पोचवायला, परत आलेलं पार्सल उघडायला आणि रात्री दहाला ‘दादा, कधी येणार?’ला उत्तर द्यायला पुरत नाही. कोनाडा दोन गोष्टींवर ठरतो: गिऱ्हाईक कोणत्या प्रसंगी विकत घेतं आणि एका पार्सलमागे हातात काय उरतं. पुढचं सगळं या दोनांभोवती आहे. उदाहरण म्हणून एकच वस्तू शेवटपर्यंत घेतली आहे, बाळंतविडा, म्हणजे नवजात बाळाला भेट द्यायचा कपड्यांचा संच. तुमची वस्तू वेगळी असली तरी प्रश्न तेच राहतील.

पहिलं काम: एक वाक्य

कागदावर लिहा: *कोण, कोणासाठी, कोणत्या प्रसंगी, किती दिवसांत, किती रुपयांपर्यंत* विकत घेणार. पाचही जागा भरेपर्यंत पुढे जाऊ नका.

‘लहान मुलांचे कपडे’ हे या वाक्यात बसत नाही. ‘नवजात बाळाचे सुती कपडे’ थोडं बसतं. ‘बाळंतविडा’ पूर्ण बसतो: आत्या, मावशी किंवा ऑफिसातल्या चारजणी वर्गणी काढून, मैत्रिणीच्या बाळासाठी, बारशाच्या आत, हजार-बाराशेपर्यंत घेतात.

हे वाक्य लिहिल्याबरोबर दोन गोष्टी उघड होतात. एक, विकत घेणारी बाई बाळाची आई नाही. तिला पातळ-जाड कापडाची चर्चा नको असते. उघडल्यावर छान दिसलं पाहिजे आणि आत बिल नको. म्हणजे कमाल किंमत आणि बाकीचा कायदेशीर मजकूर बाहेरच्या वेष्टनावर, भेटीच्या पिशवीवर नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बाळ जन्मण्याआधी त्याच्यासाठी काही आणायचं नाही, असं अजून बऱ्याच घरांत मानतात. म्हणजे ऑर्डर जन्माची बातमी आल्यावर येणार. बारसं बाराव्या-तेराव्या दिवशी. बातमी पोचून, ठरवून, वर्गणी गोळा होऊन चार-पाच दिवस गेले, तर तुमच्या हातात जेमतेम आठवडा राहतो. ‘ऑर्डरनंतर आठ दिवसांत शिवून देऊ’ ही पद्धत इथे चालणारच नाही. शिवलेला माल तयार ठेवावा लागेल. काही घरांत बारसं सव्वा महिन्यानंतर करतात, पण त्या भरवशावर धंदा मांडू नये. ऑर्डर घेताना ‘बारसं कधी आहे?’ हा रकाना ठेवा. पार्सलं कोणत्या क्रमाने बाहेर काढायची ते त्यावरून ठरतं.

तुमच्या वस्तूचा असा एखादा प्रसंग सापडत नसेल, तर तो कोनाडा बहुधा नुसता मालाचा प्रकार आहे.

शब्द: तुम्ही म्हणता तो आणि लोक टाइप करतात तो

गूगल ट्रेंड्स फुकट आहे. तिथे भाग ‘महाराष्ट्र’, कालावधी ‘मागील ५ वर्षं’ निवडा आणि शब्द टाका. आलेख ० ते १०० असा असतो. १०० म्हणजे त्या काळातला सर्वांत वरचा बिंदू, शोधांची संख्या नव्हे. हा घोटाळा फार होतो. आलेखात बघायचं ते एवढंच: रेषा वर्षभर साधारण सपाट आहे, की एका महिन्यात डोंगर आणि अकरा महिने माळरान? ‘पुरेशी माहिती नाही’ असं आलं तर मागणी नाही असा अर्थ लगेच काढू नका. शब्द बदला, रोमन लिपीत टाका, दोन-तीन स्पेलिंगांनी टाका.

मग खरेदीच्या ॲपवर जा. शोधाच्या चौकटीत अर्धा शब्द लिहून थांबा आणि खाली सुचणारे शब्द वहीत उतरवा. आपण ‘झबलं’ म्हणतो. बाजारात ‘जबला’ चालतं, कारण दक्षिणेतही तोच शब्द आहे. आपलं ‘दुपटं’ तिथे ‘स्वॅडल’ किंवा ‘बेबी रॅपर’ होतं. ‘मलमल’ म्हटलं की एक भाव, ‘मसलिन’ म्हटलं की दुसरा, आणि कापडात तेवढा फरक असतोच असं नाही. ‘बाळंतविडा’ हा शब्द मात्र व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम आणि गूगलवर कामाचा. बाजारपेठेच्या ॲपवर त्याच मालाला ‘न्यूबॉर्न गिफ्ट सेट’ म्हणावं लागेल. मालाचं नाव कुठे कोणतं लावायचं याचा तक्ता आत्ताच करा. त्यावरून विक्रीचं ठिकाणही ठरतं: मराठी नावाला गर्दी कमी आणि भाव बरा, इंग्रजी नावाला गर्दी मोठी आणि भाव पडलेला.

समोरच्यांची झडती

शोधून आलेल्या पहिल्या ४० वस्तूंची नोंद करा. रकाने चार पुरतात: किंमत, किती जणांनी अभिप्राय लिहिलाय, सर्वांत ताजा अभिप्राय कधीचा, आणि एक ते तीन ताऱ्यांच्या अभिप्रायांत तक्रार काय. पाच ताऱ्यांचे वाचायची गरज नाही. कमी ताऱ्यांचे शंभरेक अभिप्राय वाचले की तक्रारींचे ढीग आपोआप पडतात: कापड विरळ, रंग सुटला, धुतल्यावर आटलं, बंद तुटले, फोटोत सहा नग आणि आले पाच.

आता त्या ढिगांपुढे लिहा, ‘हे मी सुधारू शकतो का, आणि किती रुपयांत?’ बंद तुटण्याची तक्रार शिलाईत दोन रुपयांनी मिटते. ‘कुरियरवाला उद्धट’ ही तुमच्याने मिटणारी नाही. तीन तरी ढीग तुमच्या हातातले असतील तर कोनाड्यात जागा आहे.

दोन खुणा दिसल्या तर मागे फिरा. पहिल्या दहा विक्रेत्यांकडे हजारोंनी अभिप्राय आणि किमती एकमेकींपासून दहा-वीस रुपयांत, म्हणजे तिथे फक्त भावाची लढाई उरली आहे. उलट, कोणीच विकत नाही आणि शेवटचा अभिप्राय दीड वर्षापूर्वीचा, तर ‘मैदान मोकळं’ म्हणून हुरळू नका. आधीचे येऊन गेलेले असण्याची शक्यता जास्त.

प्रकार किती ठेवावे लागतील?

हा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि पैसा इथेच अडकतो. कोल्हापुरी चप्पल घ्या. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेला, जगभर ओळखीचा माल. कोनाडा म्हणून भुरळ पडणारच. पण ५ नमुने, २ रंग आणि ७ मापं धरली की ७० प्रकार झाले. प्रत्येकी ४ जोड ठेवले तर २८० जोड. जोडाला ४५० रुपये धरले तरी १,२६,००० रुपये पहिल्या दिवशी फळीवर. त्यातली मधली मापं संपतात, टोकाची पडून राहतात, आणि माप चुकलं म्हणून परत येणारे जोड वेगळेच.

बाळंतविड्यात माप एकच, ०–३ महिने. चार छापे ठेवले की चार प्रकार. थोड्या भांडवलाच्या माणसाने या आकड्याकडे आधी बघावं, मालाच्या देखणेपणाकडे नंतर.

एका पार्सलचं गणित

वजनापासून सुरू करू, कारण कुरियरचे टप्पे बहुधा ५०० ग्रॅमचे असतात आणि ५०१ ग्रॅमला दुसऱ्या टप्प्याचा दर लागतो. शिवाय कुरियरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानी वजन यांतलं जे जास्त असेल ते धरतात. आकारमानी वजन म्हणजे लांबी × रुंदी × उंची (सेंटिमीटरमध्ये) भागिले ५०००. आलेला आकडा किलोत.

संच असा धरू: ३ झबली, ४ लंगोट, २ टोपडी, २ दुपटी. कापड साधारण ७० ग्रॅम प्रति चौरस मीटरचं मलमल. मीटरभर लांब-रुंद दुहेरी दुपटं १४० ग्रॅम, दोनांचे २८०. झबली ७५, लंगोट ८०, टोपडी ३०. एकूण ४६५ ग्रॅम.

छान पुठ्ठ्याचा डबा घेतला, ३० × २५ × १० सें.मी., तर आकारमानी वजन ७५०० ÷ ५००० = १.५ किलो. माल अर्धा किलो, पैसे दीड किलोचे; डब्यातल्या हवेचं भाडं आपण भरतो. तोच माल त्याच कापडाच्या पिशवीत घडी घालून २८ × २२ × ४ सें.मी.मध्ये बसवला तर ०.४९ किलो. मात्र प्रत्यक्ष वजन बघा: पिशवी आणि बाहेरचं वेष्टन मिळून ५० ग्रॅम धरले की ५१५ ग्रॅम. पंधरा ग्रॅमसाठी पुढचा टप्पा! दोनांतलं एक दुपटं एकेरी केलं की ४४५ ग्रॅमवर येतं. पुणे, नाशिक, मुंबईच्या उकाड्यात एक एकेरी दुपटं लागतंच, तेव्हा ‘एक उन्हाळी, एक थंडीचं’ असं लिहूनच विका.

आता पैसे. खालचे आकडे नमुन्यादाखल आहेत. तुमच्या गावचा भाव घालून पुन्हा मांडा.

विक्री किंमत १,१९९ रुपये, करासह. तयार कपड्यांवर नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटी आहे. तो वजा जाता १,१४२.
कापड ६ मीटर, ९० रुपयांनी: ५४०.
शिलाई: झबली २५ रुपयांनी, लंगोट १०, टोपडी १५, दुपटी १५: एकूण १७५.
पिशवी, लेबल, वेष्टन: ४५.
इथपर्यंत ७६०.
बाजारपेठेच्या ॲपचं शुल्क १५ टक्के धरून १८०, कुरियर ७०.
हातात उरले १३२.

हे शेवटचे १३२ नव्हेत. दारात पैसे देण्याची सोय ठेवली की काही पार्सलं न घेता परत येतात. शंभरांत बारा आली असं धरू. प्रत्येकी जाण्या-येण्याचे १४० आणि खराब झालेल्या वेष्टनाचे ४५, म्हणजे २,२२० रुपये. ते विकल्या गेलेल्या ८८ संचांवर वाटले की संचामागे २५. जाहिरातीचे ६० काढले तर उरतात ४७ रुपये. आणि ‘सुरुवातीला स्वस्त देऊ’ म्हणून किंमत ९९९ केली, तर कर जाता ९५१ येतात. त्यातून ७६०, शुल्काचे १५० आणि कुरियरचे ७० गेले की परत येणारी पार्सलं आणि जाहिरात धरायच्या आधीच २९ रुपयांचा तोटा.

तोच संच थेट विकला, पैसे आगाऊ घेतले, तर १८० वाचतात. पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेचे) २ टक्के, म्हणजे २४ धरले तरी २८८ उरतात. म्हणून या मालाची जागा मुळात थेट विक्रीत आहे. बाजारपेठेचं ॲप हे दुसरं दुकान. सगळ्या मालाचं असंच असतं असं नाही. मोबाइलच्या कव्हरसाठी कोणी व्हॉट्सॲपवर बोलत बसत नाही.

परवाना कुठे आडवा येतो

कापडाच्या संचाला परवान्यांची फारशी कटकट नाही. कटकट सुरू होते ती ‘अजून थोडं काही घालू’ म्हटल्यावर. लाकडी खुळखुळा घातला की तो खेळणं ठरतो, आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) प्रमाणन सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, तेव्हा खुळखुळा हवाच असेल तर तशा नोंदणीकृत कारागिराचा घ्या आणि नोंदीची प्रत जवळ ठेवा. घरचं काजळ, उटण्याचा साबण, मालिशचं तेल हे विकण्यासाठी बनवायला उत्पादनाचा परवाना लागतो. डिंकाचे लाडू घातले की अन्नसुरक्षेची नोंदणी, लेबलवर तो क्रमांक आणि टिकण्याची मुदत. चांदीचे वाळे कायद्यात अडकत नसले तरी हरवले की कुरियरशी भांडण. संचात फक्त कापड ठेवणं शहाणपणाचं.

जीएसटीचा एक मुद्दा नीट समजून घ्या. स्वतःच्या वेबसाइटवरून राज्याबाहेर माल विकायचा तर सर्वसाधारण मालाला उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. ई-कॉमर्स बाजारपेठेतून फक्त आपल्याच राज्यात विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून, ठरावीक अटींवर, नोंदणीशिवाय विकता येतं. गोव्यात, बेळगावात किंवा इंदुरात तुमचं गिऱ्हाईक असेल तर नोंदणी आलीच. बंद वेष्टनातल्या मालावर बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, नगांची संख्या, सर्व करांसह कमाल किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. महिना-वर्ष सोडून बाकीचं ऑनलाइन पानावरही दिसलं पाहिजे.

परदेशातल्या मराठी घरांचं काय? अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून उठली आहे, शिवाय लहान मुलांच्या वस्तूंना तिथे चाचणीचं प्रमाणपत्र लागतं. त्या वाटेला सुरुवातीला जाऊच नका. न्यू जर्सीतली आत्या कोथरूडच्या भाचीसाठी ऑर्डर देईल, याची सोय करा: परदेशी कार्ड चालणारं पेमेंट, आणि आत तिच्या नावाची हाताने लिहिलेली चिठ्ठी.

वर्ष आणि दुसरी खरेदी

हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळालं, नाव मोठं, पण हंगाम दोन-अडीच महिन्यांचा आणि माल नाशवंत. उरलेले नऊ महिने त्या पानाचं काय करणार? अधिक महिन्याचं वाण तर साधारण ३२–३३ महिन्यांनी एकदा: २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. असे हंगामी कोनाडे जोडधंदा म्हणून ठीक.

बाळं बारा महिने जन्मतात, म्हणून बाळंतविड्याची रेषा सपाट. पितृपक्षात नवीन खरेदी थंडावते, तेवढे पंधरा दिवस शिलाई आणि फोटोंना द्या. या मालाची खरी कमजोरी वेगळी आहे: एका बाळाला बाळंतविडा एकदाच. गिऱ्हाईक परत यावं असं दुसरं काय आहे, हे आधीच शोधा. इथे ते आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण, त्याला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने. मग उष्टावण, पहिला वाढदिवस. ऑर्डरच्या वेळी बाळाची जन्मतारीख विचारून ठेवली असेल तर डिसेंबरच्या शेवटी कोणाला निरोप पाठवायचा याची यादी तयारच असते. निरोप पाठवण्याची परवानगी मात्र त्याच वेळी घ्या.

२४ संचांची चाचणी

कापडाचे ताके भरू नका. ४ छाप्यांचे प्रत्येकी ६ संच, म्हणजे १४४ मीटर कापड आणि ७६० रुपयांनी १८,२४० रुपये. त्याआधी प्रत्येक छाप्यातून ३० × ३० सें.मी.चा तुकडा कापा, तीनदा धुवा, वाळवा, मोजा. २८.५ सें.मी. झाला तर ५ टक्के आटतंय. तेवढं माप वाढवून बेता, किंवा सगळं कापड आधी भिजवून घ्या. ओलं पांढरं फडकं छाप्यावर दहा वेळा घासा. फडक्यावर रंग आला तर तो छापा बाद, मग तो कितीही गोड दिसो. झबल्याची शिवण बाहेरच्या बाजूला, बटण नाही, बंद बाजूला आणि बांधल्यावर टोकं लोंबणार नाहीत एवढेच. हे आजीला माहीत असतं, कारखान्याला नसतं. फोटोत शिवणीचा जवळून एक फोटो ठेवाच.

फोटो खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या चादरीवर, सगळे ११ नग मांडून. नगांच्या संख्येची तक्रार फोटोतच मिटते.

२१ दिवस, ३,००० रुपयांची जाहिरात, फक्त दोन शहरांत. पैसे आगाऊ. अगदीच दारात पैसे देणारं गिऱ्हाईक असेल तर १०० रुपये आधी घ्या. घेणारा देतो, वेळ घालवणारा देत नाही. रोज तीन आकडे लिहा: किती जणांनी विचारलं, किती जणांनी किंमत कळल्यावरही बोलणं चालू ठेवलं, किती जणांनी पैसे भरले. नातेवाईक आणि सोसायटीतल्या मैत्रिणींची खरेदी वेगळ्या रकान्यात. ती विक्री खरी, पण तिच्यावरून बाजार कळत नाही.

निकालाची रेघ सुरू करण्याआधी मारा. थेट विक्रीत संचामागे २८८ उरतात, जाहिरात ३,००० ची. म्हणजे अनोळखी ११ गिऱ्हाइकांनी घेतलं तर जाहिरातीचा खर्च निघतो. ११ किंवा जास्त: पुढचे ६० संच करा, पण चालले तेच दोन छापे. ५ ते १०: एकच गोष्ट बदलून आणखी २१ दिवस. पुष्कळांनी विचारून किंमत ऐकताच काढता पाय घेतला असेल तर संच लहान करा. विचारलंच नसेल तर फोटो आणि शब्द बदला. किंमत, फोटो, शहर हे तिन्ही एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. ५ पेक्षा कमी: उरलेले संच गावातल्या बाळाच्या कपड्यांच्या दुकानात ७६० ला द्या, मोकळे व्हा आणि वहीतल्या पुढच्या वाक्याचं पान उघडा.